अनोळखी शत्रूसाठी शरीराची पूर्वतयारी

(संस्थेच्या वार्षिक सर्वसाधारण सभेत रुग्णालयाच्या प्रशासकांनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



वर्षभराचा जमाखर्च, रुग्णसंख्या आणि नव्याने घेतलेली यंत्रसामग्री यांचा तपशील अहवालाच्या पुढील पानांवर छापलेला आहेच. तो येथे वाचून दाखवून आम्ही आपला वेळ घेणार नाही. आपल्या देणग्यांतून जे औषधोपचार होतात त्यांच्यामागे कोणते शास्त्र उभे आहे, याची थोडीफार ओळख आपणांस व्हावी, या हेतूने आज एकच विषय मांडावयाचा आहे. तो म्हणजे आपल्या रक्तातील प्रतिपिंडे, ज्यांना डॉक्टर मंडळी अँटीबॉडीज म्हणतात ती, आणि ती घडविणाऱ्या बी पेशी. हा विषय निवडण्यामागे रुग्णालयाच्या कारभाराशी निगडित असे एक कारणही आहे. ते ओघाने पुढे येईल.

आम्ही वैद्यकशास्त्राचे विद्यार्थी नव्हे. वाणिज्य शाखेची पदवी घेऊन हिशेबाच्या वह्यांच्या वाटेने आम्ही रुग्णसेवेत आलो. त्यामुळे आमच्या डॉक्टर सहकाऱ्यांकडून हा विषय समजून घेताना मनात प्रथम आला तो कोठीचाच प्रश्न. माल किती प्रकारचा ठेवायचा, तो कोणत्या मागणीसाठी आणि त्याला जागा किती लागणार?

प्रश्न साधा दिसतो, पण शास्त्रज्ञांना त्याने जवळजवळ ऐंशी वर्षे चकविले. प्रत्येक प्रतिपिंड हे एका ठरावीक आकारालाच नेमके चिकटते. घटसर्पाच्या विषाला बांधणारे प्रतिपिंड धनुर्वाताच्या विषापुढे निरुपयोगी ठरते. जगात जंतू तर असंख्य, आणि त्यांत नव्यांची भर पडतच असते. २०१९ च्या अखेरीस आलेला कोरोना विषाणू त्यापूर्वी कोणत्याही मानवी शरीराने पाहिलेला नव्हता. तरीही लागण झालेल्या बहुतेकांच्या रक्तात दोन-तीन आठवड्यांत त्याच विषाणूला नेमकी बसणारी प्रतिपिंडे दिसू लागली. प्रतिपिंड हे प्रथिन आहे आणि प्रथिन घडविण्याची कृती जनुकात लिहिलेली असते. मानवाच्या साऱ्या शरीराचा कारभार चालविणारी, प्रथिनांची कृती सांगणारी जनुके आहेत अवघी वीस हजारांच्या आसपास. ती सगळीच्या सगळी प्रतिपिंडांसाठी राखून ठेवली तरी पुरवठा पडणार नाही. मग ज्या शत्रूचे नावही ठाऊक नाही, त्याच्यावरचा उतारा शरीर आणते तरी कोठून?

या शोधाची कथा १८९० साली बर्लिनमध्ये सुरू होते. एमिल फॉन बेहरिंग आणि त्यांचे जपानी सहकारी शिबासाबुरो कितासातो यांनी असे दाखवून दिले, की धनुर्वात किंवा घटसर्प यांच्याविरुद्ध प्रतिकारक्षम केलेल्या प्राण्याच्या रक्तातील पिवळसर पाणी, म्हणजे रक्तजल, दुसऱ्या प्राण्याला टोचले असता त्यालाही त्या रोगापासून संरक्षण मिळते. घटसर्पाने घसा आवळला जाऊन लहान मुले डोळ्यांदेखत दगावत असत, तो हा काळ. या कामगिरीबद्दल बेहरिंग यांना १९०१ साली वैद्यकशास्त्राचे पहिलेवहिले नोबेल पारितोषिक मिळाले. रक्तजलात काहीतरी रक्षक द्रव्य असते हे त्यामुळे सिद्ध झाले, पण ते नेमके कसे घडते हे मात्र कळले नाही.

पॉल एर्लिख यांनी १८९७ साली असा विचार मांडला, की पेशींच्या अंगावर निरनिराळ्या आकारांची पकडस्थाने आधीपासूनच असतात आणि विष त्यांना चिकटले की पेशी तीच पकडस्थाने भराभर निर्माण करून रक्तात सोडते. पुढे रक्तगटांचे शोधक कार्ल लँडस्टायनर यांनी एक निराळीच अडचण उभी केली. निसर्गात कोठेही न आढळणारी, प्रयोगशाळेत तयार केलेली रसायने प्रथिनाला जोडून त्यांनी प्राण्यांना टोचली, आणि त्या रसायनांविरुद्धही अचूक प्रतिपिंडे तयार झाली. जे द्रव्य काल-परवाच माणसाने बनविले, त्याच्यासाठी शरीराने आधीपासून तयारी करून ठेवली होती, हे मानणे कठीण होते.

म्हणून १९४० साली लायनस पॉलिंग यांनी शिंप्याच्या दुकानासारखी कल्पना मांडली. गिऱ्हाईक आले की माप घ्यायचे आणि त्याप्रमाणे कपडा शिवायचा, तसे प्रतिपिंड हे जंतूच्या अंगाभोवती गुंडाळले जाऊन त्याचा आकार घेते, असे त्यांचे म्हणणे. कल्पना सुटसुटीत होती, पण पुढे ती टिकली नाही. १९५५ साली नील्स येर्ने यांनी, आणि १९५७ साली ऑस्ट्रेलियाचे फ्रँक मॅकफार्लेन बर्नेट यांनी विचाराची दिशा पालटली. बर्नेट यांचे म्हणणे तयार कपड्यांच्या दुकानाचे होते. शरीरात अगणित पेशी असतात आणि प्रत्येक पेशी एकाच मापाचे प्रतिपिंड अंगावर बाळगून असते. जंतू आला की तो ज्या पेशीला बसेल ती पेशी निवडली जाते, तिची वंशवेल वाढते आणि मग तेच प्रतिपिंड मोठ्या प्रमाणात तयार होते. या मतानुसार जंतू शरीराला काही शिकवीत नाही. शरीराने आधीच करून ठेवलेल्या तयारीतून तो फक्त निवड घडवून आणतो. हेच मत पुढे खरे ठरले.

या पेशींना बी हे अक्षर चिकटले, त्याची हकिकत मोठी गमतीची आहे. पक्ष्यांच्या आतड्याच्या शेवटी एक लहानशी पिशवी असते. फॅब्रिशियस या इटालियन शरीररचनाशास्त्रज्ञाच्या नावावरून तिला फॅब्रिशियसचा बर्सा म्हणतात. तिचे काम काय, हे शेकडो वर्षे कोणालाच ठाऊक नव्हते. अमेरिकेत ब्रूस ग्लिक या संशोधकाने काही कोंबड्यांची ही पिशवी काढून टाकली होती. त्याच कोंबड्या त्यांच्या एका सहकाऱ्याने वर्गात प्रतिपिंडे दाखविण्यासाठी वापरल्या, तेव्हा त्यांच्या रक्तात प्रतिपिंडे तयारच झाली नाहीत. हा निबंध एका नामांकित नियतकालिकाने नाकारला आणि १९५६ साली तो कुक्कुटपालनशास्त्राच्या मासिकात छापून आला. प्रतिकारशास्त्राच्या अभ्यासकांचे त्याच्याकडे लक्ष जाण्यास त्यामुळे काही काळ जावा लागला. बर्सातील पेशी म्हणून त्या बी पेशी. माणसाला ही पिशवी नसते. आपल्या बी पेशी हाडांच्या पोकळीतील अस्थिमज्जेत जन्मतात.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. दुकानात लक्षावधी मापांचे कपडे हवेत, आणि जनुकांचे कापड तर मोजकेच. हा तिढा सुसुमु तोनेगावा या जपानी शास्त्रज्ञाने स्वित्झर्लंडमधील बाझेल येथे सोडविला. १९७६ साली त्यांनी व त्यांचे सहकारी नोबुमिची होझुमी यांनी असे दाखविले, की प्रतिपिंडाचे जनुक सलग लिहिलेले नसतेच. ते तुकड्यांच्या रूपात वारशाने येते आणि बी पेशी वाढत असताना आपल्याच डीएनएची कापाकापी करून ते तुकडे जोडून घेते. या शोधासाठी १९८७ सालचे नोबेल पारितोषिक तोनेगावा यांना एकट्याला देण्यात आले.

प्रतिपिंडाचा आकार इंग्रजी वाय अक्षरासारखा असतो. त्यात दोन सारख्या जड साखळ्या आणि दोन सारख्या हलक्या साखळ्या असतात. ही रचना उलगडल्याबद्दल जेराल्ड एडेलमन आणि रॉडनी पोर्टर यांना १९७२ सालचे नोबेल मिळाले. वायच्या दोन्ही टोकांशी जंतूला धरण्याची जागा असते, आणि प्रतिपिंडागणिक बदलतो तो मुख्यतः हाच भाग. जड साखळीचा हा बदलता भाग तीन प्रकारच्या तुकड्यांपासून जुळविला जातो. त्यांना व्ही, डी आणि जे अशी नावे आहेत. माणसाकडे कामाचे व्ही तुकडे सुमारे ४०, डी तुकडे २३ आणि जे तुकडे ६ असतात. प्रत्येक बी पेशी या तिन्ही ढिगांतून एकेक तुकडा उचलते. हलक्या साखळीत फक्त व्ही आणि जे हे दोनच प्रकार असतात, परंतु तिचे दोन वाण आहेत. एका वाणात सुमारे ४० व्ही आणि ५ जे, तर दुसऱ्यात सुमारे ३० व्ही आणि ४ जे.

येथे आमच्यातील हिशेबनिसाला राहवले नाही. जड साखळीचे प्रकार ४० गुणिले २३ गुणिले ६, म्हणजे ५,५२०. हलकीचे २०० अधिक १२०, म्हणजे ३२०. कोणतीही जड साखळी कोणत्याही हलकीशी जुळली असे धरले, तर गुणाकार येतो १७ लाख ६६ हजार ४००. तुकड्यांची बेरीज केली तर ते भरतात अवघे १४८. तुकड्यांची संख्या माणसागणिक थोडी इकडे-तिकडे होते, म्हणून हे आकडे अदमासाचे समजावेत. तरीही दीडशेच्या आतला कच्चा माल आणि साडेसतरा लाखांच्या वर पक्के नग, असा हिशेब कोणत्याही कारखानदाराला हेवा वाटावा असाच आहे. लहानपणी आपण सारेच बाराखडी शिकलो. मोजकी व्यंजने आणि बारा स्वरचिन्हे यांच्या मेळातून शेकडो अक्षरे सिद्ध होतात आणि त्यांतून भाषेचे अफाट भांडार उभे राहते. शरीरानेही हीच युक्ती योजिली आहे.

पण शरीर एवढ्यावर थांबत नाही. डीएनए कापण्याचे काम रॅग १ आणि रॅग २ या दोन जनुकांपासून बनणारी प्रथिने करतात. कापलेली टोके जोडताना सांध्यावरची काही अक्षरे गळतात आणि एक विशिष्ट विकर तेथे काही नवी अक्षरे कोणताही मूळ मजकूर समोर नसताना मनास येईल तशी भरते. आपल्या शरीरात अन्यत्र डीएनएची नक्कल करताना एक अक्षरही चुकू नये म्हणून कडेकोट तपासणी असते. येथे मात्र मुद्दाम मोकळीक दिलेली आहे. या सांध्यांवरील फेरफारांमुळे संभाव्य प्रतिपिंडांची संख्या लाखांच्या हिशेबातून निघून किमान दहा हजार कोटींच्या घरात जाते. लँडस्टायनर यांच्या कृत्रिम रसायनांना प्रतिपिंड कसे मिळाले, त्याचे उत्तर येथे आहे. शरीराला त्या रसायनाची कल्पना नव्हती. त्याच्याकडे इतक्या परींचे नमुने तयार होते, की त्यांतला कोणता ना कोणता बसणारच होता.

या मोकळिकीची किंमतही मोजावी लागते. डीएनएचा मजकूर तीन-तीन अक्षरांच्या गटांनी वाचला जातो. त्यामुळे सांध्यावर अक्षरे कमी-अधिक झाली, की तीनपैकी दोन वेळा पुढचा सगळा मजकूर बिघडतो. पेशीला गुणसूत्राच्या दुसऱ्या प्रतीवर आणखी एक संधी मिळते. तीही वाया गेली तर ती पेशी मरते. जी पेशी यातून तरते, तिची दुसरी परीक्षा होते. तिचे प्रतिपिंड आपल्याच शरीरातील घटकांना चिकटत नाही ना, हे अस्थिमज्जेतच पाहिले जाते. चिकटत असेल तर पेशी हलकी साखळी बदलून पाहते, आणि तरीही न जमल्यास तिला बहुधा नष्ट केले जाते. या चाळणीतूनही काही पेशी निसटतात. शरीर स्वतःवरच उलटण्याचे जे आजार आहेत, त्यांतील कित्येकांचे मूळ येथे असते. उरलेल्या पेशी रक्तात येतात, प्लीहेतून आणि लसिका ग्रंथींतून फिरत राहतात आणि आपल्या जोडीच्या शत्रूची वाट पाहतात. त्यांतील बहुसंख्य पेशींची त्याच्याशी कधीच गाठ पडत नाही. काही दिवसांत किंवा आठवड्यांत त्या मरून जातात आणि त्यांची जागा नव्या पेशी घेतात. अस्थिमज्जेत अशा कोट्यवधी पेशी रोज जन्म घेतात.

ज्या पेशीची शत्रूशी गाठ पडते तिची पुढची वाटचाल पाहण्यासारखी असते. टी पेशींची अनुमती मिळाली की ती झपाट्याने विभागू लागते. लसिका ग्रंथींच्या आत यासाठी तात्पुरती केंद्रे उभी राहतात. आजारपणात गळ्याच्या किंवा काखेच्या गाठी सुजतात, त्याचे हे एक कारण. या केंद्रांत बी पेशींच्या प्रतिपिंड-जनुकात पुन्हा फेरफार सुरू होतात, तेही नेहमीच्या दराच्या सुमारे दहा लाख पट वेगाने. क्योतो येथील तासुकु होन्जो यांच्या गटाने १९९९ साली शोधलेले एक विकर हे काम घडवून आणते. फेरफारांमुळे कित्येक पेशींची पकड सैल होते आणि त्या मरतात. काहींची पकड घट्ट होते, त्या तगतात आणि पुन्हा विभागतात. फेरीमागून फेरी अशी निवड होत गेल्याने अखेरची प्रतिपिंडे आरंभीच्या प्रतिपिंडांपेक्षा कितीतरी बळकट असतात.

लहान मुलांना घेऊन येणारे पालक आमच्या लसीकरण कक्षात हमखास विचारतात, की एकदा टोचले असता पुन्हा-पुन्हा कशाला? त्याचे एक उत्तर या निवडीत आहे. पहिली मात्रा निवड सुरू करून देते. पुढची मात्रा निवडून ठेवलेल्या स्मृतिपेशींना पुन्हा कामाला लावते आणि पकड अधिक घट्ट करून घेते. म्हणून तारीख चुकवू नये, ही विनंती.

याच सुमारास प्रतिपिंडाचा दांडाही बदलतो. आरंभी निघणारे आयजीएम प्रतिपिंड पाच-पाचांच्या झुपक्याने हिंडते. नंतर पकड तीच ठेवून दांडा बदलला जातो आणि आयजीजी, आयजीए किंवा आयजीई तयार होते. आयजीजी वारेतून गर्भाकडे जाते, म्हणजे आईने आयुष्यभर भोगलेल्या आजारांचा अनुभव बाळ जन्मताना सोबत घेऊन येते. आयजीए आईच्या दुधातून बाळाच्या आतड्यात पोहोचते. पहिले चिकाचे दूध काढून टाकू नये, असे आमच्या परिचारिका प्रत्येक बाळंतिणीला सांगतात, ते याचसाठी.

लढाई संपली की बहुतेक पेशी निरोप घेतात. काही मात्र स्मृतिपेशी होऊन मागे राहतात, तर काही अस्थिमज्जेत ठाण मांडून वर्षानुवर्षे प्रतिपिंडे पाझरत राहतात. ही आठवण किती टिकते? १९१८ सालच्या इन्फ्लुएंझाच्या साथीतून बचावलेल्या ३२ वृद्धांची तपासणी करून २००८ साली एक निबंध प्रसिद्ध झाला. त्या सर्वांचे वय नव्वदीपुढचे होते, आणि बालपणी भेटलेल्या त्या विषाणूविरुद्धची प्रतिपिंडे जवळजवळ नव्वद वर्षांनंतरही त्यांच्या रक्तात आढळली.

आता हे सारे आपल्या रुग्णालयापाशी कसे येऊन पोहोचते, ते सांगावयाचे आहे.

ज्यांच्या शरीरात हा कारखानाच उभा राहत नाही, अशी काही मुले असतात. ऑग्डेन ब्रूटन या अमेरिकन लष्करी डॉक्टरांनी १९५२ साली आठ वर्षांच्या एका मुलाची हकिकत प्रसिद्ध केली. त्याला पुन्हा-पुन्हा गंभीर जंतुसंसर्ग होत असे आणि त्याच्या रक्तात प्रतिपिंडांचा अंश जवळजवळ नव्हताच. ब्रूटन यांनी दुसऱ्या निरोगी माणसांच्या रक्तातील प्रतिपिंडे त्याला दर महिन्यास टोचण्यास आरंभ केला आणि त्याचे आजारपण थांबले. या आजारास कारणीभूत असलेले जनुक १९९३ साली सापडले. ते एक्स गुणसूत्रावर असल्याने हा आजार प्रायः मुलग्यांना होतो. जन्मल्यावर पहिले काही महिने आईकडून आलेली प्रतिपिंडे त्यांना सांभाळतात. ती ओसरली की कान फुटणे, न्यूमोनिया, पुन्हा न्यूमोनिया अशी रांग लागते. आई-वडील एका दवाखान्यातून दुसऱ्यात हिंडत राहतात आणि निदानास फार वेळ लागतो.

अशा मुलाला इम्युनोग्लोब्युलिन शिरेतून दर तीन-चार आठवड्यांनी द्यावे लागते, आणि तेही जन्मभर. हे औषध कोणत्याही एका दात्याच्या रक्तापासून बनत नाही. हजाराहून अधिक व्यक्तींचा रक्तद्रव एकत्र करून त्यातून प्रतिपिंडे वेगळी काढली जातात. असे का, हे आपल्या आता ध्यानात आले असेल. प्रत्येक माणसाच्या बी पेशींनी आपापल्या आयुष्यात निराळे शत्रू पाहिलेले असतात. कोणाला गोवर होऊन गेलेला, कोणाला डांग्या खोकला, कोणी धनुर्वाताची लस घेतलेली. अशा हजार आयुष्यांचा अनुभव एका बाटलीत उतरतो, तेव्हा कोठे एका मुलाचे तीन-चार आठवडे सुरक्षित होतात. बाटली संपली की पुढची लागते. वजन वाढेल तशी मात्रा वाढते, आणि मात्रेबरोबर खर्चही. ज्या घरात रोजंदारीवर चूल पेटते, त्या घराने हे कसे पेलावे? आपल्या बालरोग विभागातून आमच्याकडे येणाऱ्या अर्जांत मन विषण्ण करणारा अर्ज हाच असतो. एकदा दिलेली मदत येथे पुरत नाही, हे अर्ज मंजूर करणाऱ्यालाही ठाऊक असते आणि अर्ज करणाऱ्या पित्यालाही.

दुसरी गोष्ट शीतकपाटातील साठ्याची. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चार सापांच्या विषावर आपल्या देशात जे प्रतिविष वापरले जाते, ती घोड्याच्या बी पेशींनी घडविलेली प्रतिपिंडेच असतात. बेहरिंग आणि कितासातो यांनी १८९० साली दाखविलेलाच हा मार्ग होय. मुंबईत परळ येथे १८९९ साली प्लेग संशोधन प्रयोगशाळा म्हणून सुरू झालेल्या आणि १९२५ पासून हाफकिन यांचे नाव धारण करणाऱ्या संस्थेने या कामी महाराष्ट्राची मोठी सेवा केली आहे. पिसाळलेला प्राणी चावून खोल जखम झाली, तर लसीबरोबर जखमेत भरावयाचे रेबीज इम्युनोग्लोब्युलिन हेही तयार प्रतिपिंडच. लसीने शरीर स्वतः प्रतिपिंडे बनवीपर्यंतचे दिवस ते निभावून नेते. आरएच निगेटिव्ह मातेला पुढच्या बाळाच्या रक्षणासाठी दिले जाणारे अँटी-डी इंजेक्शन हेही त्याच कुळातले. ही औषधे आधी मागवून ठेवावी लागतात. शेतात फुरसे चावलेला माणूस दारात आल्यावर पुरवठादाराला दूरध्वनी करून भागत नाही.

यातूनच हिशेबपत्रकातील ती नोंद उद्भवते, जिच्याविषयी काही देणगीदारांनी आणि लेखापरीक्षकांनीही विचारणा केली आहे. 'मुदत संपल्यामुळे बाद केलेली औषधे' असे तिचे शीर्षक. दानाच्या पैशातून घेतलेले औषध न वापरता टाकून द्यावे लागते, हे कोणालाही खटकावे असेच आहे, आणि प्रश्न विचारणाऱ्यांचे आम्ही आभारच मानतो. त्याचे आमचे उत्तर असे. ज्या संकटाची तारीख ठाऊक नाही, त्याच्यासाठी सज्ज राहावयाचे तर तयारीचा काही भाग न वापरला जाणे अटळ आहे. आपले शरीर रोज कोट्यवधी बी पेशी घडविते आणि त्यांतील बहुतेक बिनकामाच्या मरू देते. तो खर्च त्याने वाचविला असता, तर २०२० साली आपल्यापैकी कितीजण वाचले असते, याचा विचार करावा. गतसालच्या मागणीवरून पुढील सालची खरेदी ठरविणे हा वाणिज्याचा साधा नियम आम्ही शिकलो. तो सलाईनच्या बाटल्यांना लागू पडतो, प्रतिविषाला नाही.

मात्र याच शरीराचा दाखला देऊन निष्काळजीपणावर पांघरूण घालता येणार नाही, हेही आम्ही जाणून आहोत. शरीर मेलेल्या पेशींचे घटक मोडून पुन्हा वापरते आणि बिघडलेल्या पेशी वेळीच वगळते. त्याच न्यायाने ज्या कुपीची मुदत आधी संपणार ती आधी वापरावयाची, आणि जिची मुदत सरत आली आहे ती जेथे गरज आहे अशा परिसरातील ग्रामीण रुग्णालयांना वेळीच द्यावयाची, ही पद्धत कसोशीने पाळावयास हवी. बाद झालेल्या प्रत्येक कुपीची कारणासह नोंद विश्वस्तांपुढे ठेवली जाईल.

तेव्हा आपणांकडे आमचे मागणे तीन प्रकारचे आहे. पहिले असे, की इमारतीच्या कोनशिलेवर नाव येईल अशा देणगीइतकेच, सज्जतेसाठी लागणाऱ्या औषधांच्या नावाने दिलेले दानही मोलाचे मानावे. ते दान कदाचित वापरलेच जाणार नाही. तसे झाले तर त्या मोसमात कोणाला साप चावला नाही, असे समजून आनंद मानावा. दुसरे असे, की प्रतिपिंडांवाचून जन्मलेल्या मुलांसाठी एकरकमी मदतीपेक्षा कायम निधी उभारण्यास हातभार लावावा, ज्याच्या व्याजातून दर महिन्याची बाटली येत राहील. तिसऱ्या मागणीला पैसाच लागत नाही. स्वेच्छेने केलेल्या रक्तदानातून वेगळा काढलेला जादा रक्तद्रव इम्युनोग्लोब्युलिन बनविण्याच्या कामी येतो. आपल्या रक्तात आपल्या साऱ्या आजारपणांची आणि लसींची शिदोरी आहे. ती दुसऱ्याला देता येते, आणि दिल्याने ती आपल्याकडे कमी होत नाही, कारण ती घडविणाऱ्या पेशी आपल्यापाशीच राहतात. हिशेबाच्या कोणत्याही वहीत आम्ही असे दान पाहिलेले नाही.